दरी दिसेल असं कार्ड

दृष्टी देणं हे परमेश्वराचं काम आहे, असं सगळे धर्म सांगतात. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात हे काम गेली सव्वीस वर्षं मी करत आलो आहे. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ, मध्ये जेवणासाठी अर्धा तास बंद. दिलेली दृष्टी परत घेतली जात नाही. सात दिवसांत बदलून मिळते, पावती असल्यास.

म्हणजे मी कॉम्प्युटर जुळवून देतो. सुरुवातीला ऑफिसांचे द्यायचो, अलीकडे बरेचसे गेमिंगचे. पहिलाच गेमिंग कॉम्प्युटर घ्यायला आलेला माणूस दुकानाच्या पायरीवरच ओळखू येतो. त्याने आठवडाभर व्हिडिओ बघितलेले असतात, फोनमध्ये एक यादी असते, आणि यादीतलं सगळं ठरलेलं असतं. गाडी अडते ती ग्राफिक्स कार्डाशी. कारण कार्डं दहा प्रकारची, त्यांची नावं आकड्यांत, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर एक ड्रॅगन किंवा चिलखत घातलेला माणूस. ड्रॅगनच्या आकारावरून कार्ड घेणारी माणसंही मी पाहिली आहेत. आतल्या वस्तूवर एवढी आग कुठेच नसते. असते तर ती बदलून द्यावी लागते.

ह्या धंद्यात नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पडद्यावर बस धावते तेव्हा खरं तर काहीच धावत नसतं. एका सेकंदात साठ स्थिर चित्रं एकामागून एक दाखवली जातात, आणि आपले डोळे फसतात. ही चित्रं आधी काढून ठेवलेली नसतात. तुम्ही मान कुठे वळवाल हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे प्रत्येक चित्र त्या क्षणी नव्याने काढावं लागतं. प्रोसेसर नुसतं सांगतो: इथे झाड आहे, ऊन डावीकडून येतंय, थोडा वारा आहे. कार्ड ते झाड काढतं, पानापानासकट, वरच्या पानाची सावली खालच्या पानावर पाडून. मग ते चित्र टाकून देतं आणि पुढचं काढायला घेतं. सेकंदाला साठ वेळा, तासन् तास. सव्वीस वर्षं झाली, खोक्यावरच्या ड्रॅगनचं मला कधी काही वाटलं नाही, पण ह्या गोष्टीपुढे मी अजूनही गप्प होतो. एवढी चित्रं काढून एकाही चित्राची आठवण न ठेवणारा चित्रकार माझ्या ओळखीत दुसरा नाही. माझ्या ओळखीच्या चित्रकारांत हा गुण मुळीच नाही.

बहुतेक प्रोसेसरांच्या पोटातही एक छोटा चित्रकार असतो. बिलं, पत्रं, सिनेमा ह्यांना तो पुरतो. त्याला डोंगर काढायला सांगितले की गेम त्याची ताकद बघून एक तडजोड करतो: जवळचं काढायचं, लांबचं धुक्यात ढकलायचं. साध्या यंत्रावरच्या गेममध्ये बारा महिने धुकं असतं, ते हवामानामुळे नव्हे.

आता यंत्राची पाठ. तिथे मॉनिटरची वायर लावायला दोन जागी खाचा असतात. वरची खाच त्या छोट्या चित्रकाराची, खालच्या आडव्या खाचा कार्डाच्या. वायर खाली लावायची. पण वर लावली तरी चित्र येतं, आणि म्हणूनच चूक कळत नाही. अंबरनाथच्या एका वकिलांनी दोन महिने वायर वर लावून गेम खेळला आणि मग मी बनावट कार्ड विकल्याची लेखी तक्रार, तीन प्रतींत, दुकानात आणून दिली. मी त्यांच्या घरी जाऊन वायर खाली लावली. त्यांनी तिन्ही प्रती परत घेतल्या. तेव्हापासून मी दिलेल्या प्रत्येक यंत्राच्या वरच्या खाचेवर लाल शाईची चिठ्ठी चिकटवलेली असते: ‘येथे वायर लावू नये.’ वकिलांचा किस्सा मी नंतर कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितला. माणसं शिकलेली असतात पण बघत नाहीत, असं त्याचं तात्पर्यही सांगायचो.

कार्ड निवडण्याची विद्या मात्र मला मुरलीभाईंनी शिकवली. मुरलीभाई आमच्या गल्लीतले घाऊक व्यापारी, सिंधी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्याकडूनच मी माल उचलतो. पहिल्याच वर्षी ते मला म्हणाले होते, “साईं, कस्टमर को क्या लेना है वो मत पूछ. उसको क्या देखना है वो पूछ.” हे वाक्य मी पाळत आलो. कुणाला गोळी सुटताना पडदा अडकायला नको असतो, कुणाला गवत हललेलं बघायचं असतं. कुळगावच्या एका शेतकऱ्याच्या मुलीला फक्त पाणी बघायचं होतं, नदीचं, तळ दिसणारं. काय बघायचं ते कळलं की कार्ड आपोआप ठरतं.

घोलपदादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दरी.”

घोलपदादा म्हणजे विठ्ठलवाडी डेपोचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, वय सदुसष्ट. बदलापूरला शिरगावात राहतात. गणपती नुकतेच गेले होते. ते आणि वहिनी दोघं दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि दादांनी आधी दुकानाच्या आरशात बघून मागे कोण उभं आहे ह्याची खात्री केली. मग म्हणाले, “तो लाल गाडीचा गेम चालेल असा कॉम्प्युटर पाहिजे.”

गेम मला माहीत होता. बस चालवायचा खेळ आहे. त्यात आपल्याकडच्या हौशी पोरांनी आपल्या लाल गाड्या, आपले रस्ते, आपले घाट तयार करून फुकट वाटले आहेत. डेपोतल्या एका मेकॅनिकने दादांना फोनवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता. त्यात माळशेज घाट होता. दादांनी अठ्ठावीस वर्षं त्याच घाटातून नगरची गाडी नेली होती, एकही अपघात न करता. त्याचा बिल्ला त्यांना मिळाला होता. नंतर उजव्या डोळ्यातला पडदा सरकला. ऑपरेशन झालं, पण तपासणीत ते नापास झाले आणि शेवटची चार वर्षं त्यांना स्टिअरिंगवरून उतरवून डेपोच्या स्टोअरमध्ये बसवलं.

“घाट अठ्ठावीस वर्षं चालवला,” ते म्हणाले, “बघितला नाही. ड्रायव्हरला रस्ता दिसतो. घाट पॅसेंजर बघतात. पॅसेंजर मागे ओरडायचे, आई गं, तो धबधबा बघ. मी म्हणायचो, बघा बाबा तुम्ही.”

“मग आता पॅसेंजर म्हणून जा की,” मी म्हणालो.

वहिनी हसल्या. “ह्यांना? दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत? मागे कल्याणला रिक्षाने गेलो, तर ह्यांचा पाय सारखा ब्रेक शोधतोय. प्रत्येक सिग्नलला त्या पोराला सांगतायत, गिअर उतरव, गिअर उतरव. त्याने आम्हाला वालधुनीलाच उतरवलं. म्हणाला, काका, तुम्हीच घेऊन जा.”

“चुकीच्या गिअरात होता,” दादा म्हणाले.

“आणि मला म्हणायचे, रिटायर झालो की तुला घाट दाखवतो. बसलेय वाट बघत.”

मला विचारायला अवघड वाटत होतं, तरी विचारलं: एका डोळ्याने हे जमेल का? दादांनी चष्मा काढून पुसला. “डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याला खोली कळत नाही. समोरची गाडी किती लांब आहे ते कळत नाही.”

“दादा, पडद्याला खोली नसतेच,” मी म्हणालो. “सपाट काच आहे. ह्याच्यासमोर बसलेला प्रत्येक माणूस एका डोळ्याचाच असतो.”

हे मी नेहमीच्या सहजतेने बोलून गेलो, आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं. दादांनी काउंटरवरच्या काचेवर बोट टेकवलं. मग वहिनींना म्हणाले, “म्हणजे इथे मी पास.”

मी तीन कार्डं काउंटरवर मांडली. पहिलं साधं: रस्ता नीट दिसेल, पुढची दोन वळणं दिसतील. दुसऱ्यावर झाडं आणि जवळचे कडे. तिसरं वीतभर लांब, तीन पंख्यांचं. त्यावर दरी तळापर्यंत दिसेल, पलीकडचे डोंगर एकामागे एक दिसतील, आणि ढगाची सावली डोंगरावरून सरकताना दिसेल. ह्या तिसऱ्यासाठी वीजपुरवठ्याचा डबा मोठा लागतो, पेटीही मोठी लागते, आणि ते तापतं. एवढं सगळं मी सांगितलं. दादा मधल्या कार्डाला हात लावून म्हणाले, हे बास.

वहिनींनी त्यांचा हात बाजूला केला. “दरी दिसेल ते द्या. रस्ता त्यांनी जन्मभर बघितलाय.”

माल उचलायला गेलो तेव्हा मुरलीभाईंनी कोण गिऱ्हाईक ते विचारलं. मी सांगितलं. “साईं, रिटायर आदमी को इतना बड़ा कार्ड?” ते म्हणाले. “बस ही चलानी है ना? वो तो बिना कार्ड के भी चल जाएगी.” मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं. ते म्हणाले, “हां, ठीक है, मैंने ही बोला था,” आणि खोकं दिलं.

यंत्र मी दुकानात जुळवलं, चार तास तापवून तपासलं. चाचणीपुरतं कार्डाच्या एका खाचेवरचं प्लास्टिकचं टोपण काढलं आणि मग परत लावलं, प्रवासात धूळ जाऊ नये म्हणून. ही माझी शिस्त आहे. वरच्या खाचेवर लाल चिठ्ठी चिकटवली. गेम भरून ठेवला पण सुरू केला नाही. पहिल्यांदा सुरू होताना तो यंत्राची ताकद स्वतः मोजतो, तो मान गिऱ्हाइकाचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेम्पोने यंत्र शिरगावला गेलं. दादांनी बजावलं होतं की जोडायला मी दसऱ्याला यायचं, पूजेनंतर. नवी गाडी पूजेशिवाय डेपोबाहेर काढत नाहीत.

दसऱ्याला मी गेलो. दसऱ्याच्या दिवशी लाल गाड्या कशा निघतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्या खोलीची कल्पना येईल. आदल्या दिवशी वहिनींनी घरातली सगळी अवजारं धुऊन-पुसून काढली होती: विळी, शिवणयंत्र, दादांचे जुने पाने, आणि हा कॉम्प्युटर, पुढून मागून, ओल्या फडक्याने. पेटीच्या काचेवर हळदकुंकू. स्टिअरिंगला, म्हणजे टेबलाला अडकवायच्या खेळाच्या स्टिअरिंगला, आपट्याची पानं. आणि पेटीला कमरेभोवती झेंडूचा जाड हार, बसच्या बंपरला घालतात तसा, मागून गाठ मारलेला. पेटीतले रंगीत दिवे दादांनी आधीच बंद करायला लावले होते. “केबिनमध्ये उजेड असला की काचेत बाहेरचं दिसत नाही.”

नारळ फुटला. मी वायर घेऊन टेबलामागे वाकलो. कापराच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि नुकताच घातलेला हार बाजूला करावा असं वाटेना. मी हाराच्या वरून हात सरकवला. “दिसतंय का?” दादांनी विचारलं. “बघायला लागत नाही दादा,” मी म्हणालो, “बोटांना पाठ आहे.” बोटांना खाच लागली, वायर बसली, पडदा उजळला. वहिनींनी त्याला नमस्कार केला.

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही.

दादा बसले. गाडीभोवती फेरी मारता येते ह्या गेममध्ये. त्यांनी मारली, प्रत्येक टायरपाशी थांबून. मग आरसे नीट केले. वहिनी डाव्या बाजूला मागे खुर्ची टाकून बसल्या, पॅसेंजरच्या जागी. गाडी निघाली. सपाटीवर ते थोडे चाचपडले, स्टिअरिंग ताटलीएवढं आहे अशी तक्रार केली. मग चढ लागला आणि तक्रार थांबली.

घाटात धुकं होतं. पुढचं एक वळण दिसत होतं, त्यापुढे पांढरं. गाडी मधूनच किंचित अडखळायची. “जुनं इंजिन आहे,” दादा म्हणाले, “चढाला असंच करतं.” मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि त्यांच्याकडे बघत राहिलो. वळण पडद्यावर येण्याआधी त्यांच्या खांद्यांत येत होतं. आधी डावा खांदा किंचित खाली जायचा, हात गिअरवर जायचा, आणि मग धुक्यातून वळण बाहेर यायचं. प्रत्येक आंधळ्या वळणाला एक हॉर्न, लांब, मग एक छोटा. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलली जायची; समोरचा ड्रायव्हर गेमचा होता, पण रामराम रामरामच. एका ठिकाणी कड्याच्या पोटात छोटं देऊळ आलं. पोरांनी तेही बनवलं होतं. दादांनी गाडी हळू केली, उजवा हात कपाळाला लावला आणि पुन्हा दुसऱ्या गिअरात टाकली. मागे वहिनी प्रत्येक वळणाला बाजूच्या कपाटाचं हँडल धरून बरोबर उलट्या दिशेला कलत होत्या. शिरगावातल्या दुसऱ्या मजल्यावरची ती खोली घाट चढत होती, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

“दरी कुठंय?” वहिनींनी विचारलं.

“इकडेच आहे. धुक्यात आहे,” दादा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. “निवळलं की दिसेल.”

“धुकं काय खरं आलंय बघा,” मी म्हणालो. “हे कार्डाचं काम आहे. हलक्या कार्डाला असं धुकं जमत नाही.”

हे वाक्य मी बोललो. साक्षीदार दोन आहेत.

त्यानंतर त्या कार्डाचं कौतुक मी दुकानात येईल त्याला सांगत सुटलो. दादा रोज सकाळी एक फेरी करायचे आणि डेपोतल्या सवयीप्रमाणे वहीत गाडीची नोंद करायचे. आठवड्याला त्या वहीचा फोटो मला यायचा. ‘गाडी चालली. कार्ड थंड. पंखे फिरत नाहीत. आवाज नाही. धुकं कायम.’ पंख्यांचं मला नवल वाटलं नाही. नवी कार्डं तापल्याशिवाय पंखे फिरवतच नाहीत. ‘उत्तम लक्षण,’ असं मी कळवायचो. शेवटच्या दोन शब्दांकडे माझं लक्ष जायला हवं होतं. गेलं नाही. सगळ्यांना मी बघा बघा म्हणत आलो, आणि ते दोन शब्द मी दर आठवड्याला न बघता वाचले. ह्या धंद्यात मला ज्या गोष्टींची खंत वाटते त्यांत ही वरच्या क्रमांकावर आहे.

पौषात त्यांचा फोन आला.

“सबनीस, एक विचारू का? पावसाळा संपला, मी म्हटलं निवळेल. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पौषात घाटात धुकं टिकत नाही, नऊला ऊन पडतं. मी नऊची गाडी काढून बघितली, अकराची बघितली, दुपारी दोनची बघितली. हलत नाही. हे घाटाचं आहे का तुमच्या कार्डाचं?”

मी खुर्चीत सरळ बसलो. साध्या यंत्रावर बारा महिने धुकं का असतं, हे वाक्य मी स्वतः किती जणांना ऐकवलं होतं त्याची मोजदाद नाही. आणि हा माणूस तीन महिने ऋतू बदलायची वाट बघत बसला होता. धुकं म्हटल्यावर ड्रायव्हर दुसरं काय करणार? यंत्रावर संशय घ्यावा असं त्याच्या मनात आलं नाही, कारण घाटावर त्याचा विश्वास होता, आणि माझ्यावरही.

दुपारीच बदलापूर गाठलं. झेंडूचा हार अजून पेटीला होता, वाळून चॉकलेटी झालेला. दसऱ्याचा हार डेपोत कुणी काढत नाही, तो आपणहून गळेपर्यंत राहतो. मी परवानगी मागून गाठ सोडली. लाल चिठ्ठीचा पत्ता नव्हता. ओल्या फडक्याने ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीच गेली होती. वायर वरच्या खाचेत होती. खाली, आडव्या, कार्डाच्या चारही खाचांवर प्लास्टिकची टोपणं होती, मी लावली होती तशी. त्या तीन पंख्यांच्या कार्डाने तीन महिन्यांत एक पान काढलं नव्हतं. तो सगळा घाट, ते देऊळ, मी ज्याचं कौतुक करत सुटलो ते धुकं, सगळं त्या पोटातल्या छोट्या चित्रकाराने काढलं होतं, जमेल तसं.

“चूक माझी आहे,” मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. वकिलांचा किस्साही सांगितला. ह्या वेळी तात्पर्य सांगितलं नाही.

वहिनी म्हणाल्या, “चिठ्ठी मी पुसली होय. मला वाटलं दुकानाचं काहीतरी लेबल.” दादांनी एवढंच विचारलं, “म्हणजे धुकं होतं ते घाटाचं नव्हतं?” आणि उत्तराची वाट न बघता स्टिअरिंगपाशी जाऊन बसले. वहिनींनी खुर्ची ओढली.

एक टोपण काढून मी वायर खाली लावली. खाली वाकून, डोळ्यांनी बघून लावली. गेमला यंत्राची ताकद पुन्हा मोजायला सांगितली. त्या घरात तीन पंखे पहिल्यांदाच फिरायला लागले.

सपाटीवरच फरक कळला. रस्त्याकडेच्या गवताला तुरे होते. चढ लागला. तिसऱ्या वळणानंतर कडा बाजूला झाला आणि दरी उघडली.

मी तो घाट खरा पाहिलेला आहे. तरीही मी पडद्याजवळ सरकलो. पायथ्याची शेतं, त्यांतली घरं, त्यामागे डोंगर, त्यामागे आणखी एक निळसर, त्यामागे नुसती रेघ. समोरच्या कड्यावरून पाण्याची एक बारीक धार खाली जात होती आणि मध्येच वाऱ्याने तिचा धूर होत होता. एका ढगाची सावली अख्खा डोंगर चढून आमच्या गाडीवरून पुढे गेली. सेकंदाला साठ वेळा हे सगळं काढलं जात होतं आणि टाकून दिलं जात होतं. कार्ड निवडताना मी तोंडाने जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं समोर होतं, आणि मी ते सांगितलं होतं ह्यावर माझा विश्वास बसत नव्हता.

“अहो,” वहिनी हळूच म्हणाल्या, “ते पाणी बघा.”

आणि दादांनी बघितलं. मान पूर्ण वळवून, चांगल्या डोळ्याने, चार-पाच सेकंद. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला लिहिता येणार नाही. पुढचं वळण आलं, त्यांच्या खांद्याला ते कळलं नाही, आणि गाडी कठड्यातून बाहेर पडली. आवाज फारसा झाला नाही. दरी फार जवळून दिसली, मग गाडी उलटी झाली, मग आभाळ दिसलं.

दादांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढला. भिंतीवर फ्रेममध्ये अठ्ठावीस वर्षांचा बिल्ला होता, त्याच्याकडे एकदा बघितलं.

“बघितलात ना पण?” वहिनींनी विचारलं.

“बघितला,” ते म्हणाले. “तू?”

“बघितला.”

मग वहिनी चहा टाकायला उठल्या. दादांनी वही ओढली आणि सुवाच्य अक्षरांत नोंद केली. ‘खालची खाच. दरी स्वच्छ दिसते. गाडी वाहतुकीस अयोग्य.’ खाली सही, आणि मेकॅनिकच्या सहीच्या जागी मला सही करायला लावली. मग म्हणाले, वायर परत वर लावा.

मी त्यांना समजावून बघितलं. सवय होईल म्हणालो. ते म्हणाले, “सबनीस, दरी दिसत असताना गाडी चालवायची मला सवय नाही, आणि ती लावूनही घ्यायची नाही.” शेवटी असं ठरलं की रोजची फेरी वरच्या खाचेवर, धुक्यात. रविवारी संध्याकाळी दादा गाडी घाटमाथ्यावर नेऊन उभी करतात, इंजिन बंद, हँडब्रेक, मग वायर खाली लावतात, गेमला ताकद पुन्हा मोजायला सांगतात, आणि दोघं चहा घेत बसतात. दरी संपली की वायर वर.

बस ‘बिना कार्ड के भी’ चालते, हे मुरलीभाईंना मी अजून सांगितलेलं नाही.

निघताना दादांनी माझ्याकडून लाल शाईची नवी चिठ्ठी लिहून घेतली आणि ती कुठे चिकटवायची ते स्वतः दाखवलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर मिळून मी आजवर जेवढी यंत्रं बसवली, त्यांत ‘गाडी चालू असताना येथे वायर लावू नये’ ही चिठ्ठी खुद्द कार्डावर असलेलं हे एकच आहे. ह्या दसऱ्याला वहिनींनी ती सोडून बाकी सगळं पुसलं.